सगळं सांगितलास का, मास्तर?

वैनी, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. सुनेनं घर नीट सांभाळलंय, चूल वेळेवर पेटते, गायीची धार वेळेवर निघते. पण अण्णाला जेवण काही गोड लागत नाही. परवा ताट पुढ्यात घेऊन बसला आणि म्हणाला, "भाकरीचा आवाजच येगळा यायलाय." सून घाबरली. मी तिला समजावलं, की बाई, तुझी भाकरी चांगलीच आहे, पण ह्या माणसानं बारा वर्षं बायकोच्या डाव्या हाताची थाप ऐकलीय. तुमची थाप सावकाश पडायची आणि मध्येच एक ठोका चुकायचा. त्याला आता तोच चुकलेला ठोका हवाय. तो कुठून आणायचा?

तुम्ही कुठं जन्मलात, किती लेकरं वाढवलीत, कुणाकुणाची लग्नं लावलीत, हे सगळं अख्ख्या भालकी गावाला पाठ आहे. ते मी लिहीत नाही. मला तुमच्याशी भांडायचंय. आपला एक वाद अर्धा राहिलाय, आणि शेवटचं बोलायची पाळी माझी होती. शिवाय एकदा मी तुमच्यापासून एक मोठी गोष्ट लपवली होती, आणि त्याबद्दल "चुकलो" हा शब्द बारा वर्षांत माझ्या तोंडून निघाला नाही. पोरांकडून दिवसाला दहा वेळा वदवून घेणारा मी मास्तर! तुम्ही वाट बघितलीत की नाही, कोण जाणे. बहुतेक नसेलच बघितली. तुम्हाला कामं फार होती.

बारा वर्षांमागं पेरणीचे दिवस होते. तुम्ही न्हाणीतून बाहेर आलात, मला ओट्यावर पोरांच्या तख्त्या तपासताना बघितलंत आणि म्हणालात, "मास्तर, बिदरला मिशनच्या दवाखान्यात बाईमाणूस डॉक्टर हाय म्हणं. खरं का?" मी म्हटलं, "व्हय. कामून?" तुम्ही म्हणालात, "गाठ हाय." कुठं, ते सांगितलं नाहीत. पदर नीट केलात, त्यावरून मला कळलं. किती दिवस झाले विचारल्यावर म्हणालात, संक्रांतीपासून. म्हणजे पाच-सहा महिने! मी ओरडलो, तर तुम्ही माझ्यावरच उलटलात. "दुखत न्हवतं रे. दुखत न्हाई ते दुखणं कसलं?" हीच चूक पुढं तुमच्याकडं गाठ घेऊन आलेल्या प्रत्येक बाईनं केली होती. आपल्याकडं बाई कळ आल्याशिवाय आजारी पडत नाही, आणि कळ आली तरी आधी सैपाक उरकते.

अण्णाला पेरणी सोडता येत नव्हती. मी शाळेतून रजा घेतली. निजाम सरकारच्या मदरशात उर्दू शिकवणारा मी, त्यामुळं घरात कचेरीचं, पोलिसाचं, डॉक्टरचं काम निघालं की जीभ माझीच वापरली जायची. बैलगाडीनं आपण बिदरला गेलो. वाटेत तुम्ही गाठीबद्दल चकार शब्द काढला नाहीत. मला मात्र तीन वेळा विचारलंत, की तुझं लग्न कधी करायचं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तुम्हाला पडद्याआड तपासलं. मी पडद्याच्या अलीकडं बाकावर. गोऱ्या बाईंची हिंदुस्थानी किताबी, त्यात मधूनमधून इंग्रजी. तुम्हाला बाजारातली दख्खनी येत होती, ही निम्मीच कळायची. तपासून झाल्यावर बाई पडद्याआडूनच बोलू लागल्या. मला म्हणाल्या, मी जे सांगते ते हिला शब्दनशब्द सांग, अंग तिचं आहे. मग त्यांनी सांगितलं. गाठ वाईट जातीची वाटते. कातडी ओढली गेलीय, काखेतही लहान गाठी हाताला लागतात. मी करते ते ऑपरेशन मोठं असतं. पूर्ण स्तन काढायचा, खालचा स्नायू काढायचा, काखेतल्या गाठी काढायच्या. हात बरेच महिने वर जाणार नाही, कदाचित कायमचा सुजेल. एवढं करूनही दुखणं परत येणार नाही अशी हमी मला देता येत नाही. नुसती गाठ काढून बाकीचं ठेवता येतं, पण ते मला पटत नाही. मुंबईकडं रेडियमच्या सुया घालतात असं मी वाचलंय. आणि काहीच करायचं नाही असं तिनं ठरवलं, तर तोही तिचा हक्क आहे.

एवढं सगळं बाई बोलल्या. मी तुम्हाला काय सांगितलं?

"वैनी, बाई म्हणायल्यात, जराशी गाठ हाय, कापून काढू. आठ-पंधरा दिवसांत घरी."

एवढंच. अर्धं लाजेनं. जिनं मला लहानपणी न्हाऊ घातलं, तिच्यापुढं तो शब्द कसा काढायचा? आणि अर्धं भीतीनं. सगळं सांगितलं तर तुम्ही तशाच उठून गाडीत जाऊन बसाल, आणि गेलात की परत येणार नाही, असं मला वाटलं. पडद्याआडून तुमचा आवाज आला, "बरं. करा म्हणाव." इतक्या सहज! मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं, वैनी. खोटं कशाला बोलू.

माझी हुशारी संध्याकाळपर्यंतच टिकली. तुमचं माहेर कानडी मुलखातलं, दुबलगुंडीचं, हे मी विसरलो होतो. नर्सबाई कानडी होत्या. त्या पाणी द्यायला आल्या तेव्हा तुम्ही कानडीतून त्यांच्या गावाची, लेकराबाळांची चौकशी केलीत, आणि मग गाठीची केलीत. सगळं कळलं तुम्हाला. ती रात्र तुम्ही भिंतीकडं तोंड करून काढलीत.

दवाखान्याच्या आवारात नातेवाईक आपापली चूल मांडून सैपाक करायचे. सकाळी तुम्ही तीन दगडांवर तवा ठेवून, काठवटीत ज्वारीचं पीठ मळत बसला होतात. मला हाक मारलीत.

"मास्तर, हिकडं ये. बस. काल बाईनं सांगितलेलं समदं मला सांगितलास का?"

"सांगितलो की."

"सगळं?"

"व्हय."

"शाळंत पोरगं खोटं बोललं तर काय करतोस?"

मी खाली बघितलं. तुम्ही पिठाचा मोठा उंडा केलात, काठवटीत उपडा ठेवलात, गाठोड्यातून एक हरभरा काढून त्यात बोटानं खोल दाबलात. मग भाजी चिरायची सुरी माझ्या पुढ्यात ठेवलीत. "ही गाठ. आता दाखीव. किती कापणार हायत?"

मी सुरी उचलली. पिठाच्या उंड्याला सुरी लावता येईना मला! तुम्ही माझ्याकडं बघत होता. रागानं नव्हे. रागानं बघितलं असतंत तर सोपं गेलं असतं. "न्हाई यायलंय ना? मग जा, बाईला बोलीव. म्हणाव, माझ्या वैनीला समजून घ्यायचंय."

मी गेलो. वाटलं होतं, बाई हसतील. त्या आल्या, बाह्या वर केल्या आणि तुमच्या चुलीपाशी जमिनीवर मांडी घालून बसल्या. बरोबर नर्सबाई. काठवट मध्ये ठेवून आपण चौघं. माणसाच्या अंगाबद्दल जे मला पडद्याआडूनही बोलता आलं नव्हतं, ते पिठाबद्दल सगळ्यांना बोलता येऊ लागलं. दीर तिथं बसलाय ह्याची तुम्हाला लाज वाटली नाही आणि मलाही नाही. तिथं आता पीठच तर होतं.

बाईंनी आधी हरभऱ्याभोवतीचं थोडं पीठ गोल कापून काढलं. "हे लहान ऑपरेशन." राहिलेल्या उंड्यात त्यांनी तुमच्या तिखटाच्या डब्यातली चिमूट मिसळली आणि विचारलं, आता ह्यातलं तिखट दिसतं का? नाही ना? पण चव घेतली तर लागेल. तसंच दुखण्याचे बारके कण मागं राहिले असतील तर मला दिसणार नाहीत. मग दुसरा उंडा. पिठाची एक वळी करून बाजूला लावली, तो हात. वळी आणि उंडा जुळतात तिथं चार ज्वारीचे दाणे दाबले, त्या काखेतल्या गाठी. सुरी खाली काठवटीच्या लाकडाला लागेपर्यंत घातली आणि उंडा, खालचा थर, दाणे, सगळं एकदम उचललं. काठवटीत नुसती वळी राहिली. 

"आणि त्या सुया?" तुम्ही विचारलंत. नर्सबाईंनी कुंपणाच्या बाभळीचे काटे आणले. बाईंनी तिसऱ्या उंड्यात हरभऱ्याभोवती ते टोचले आणि म्हणाल्या, ह्या रेडियमच्या सुया, काही दिवस आतच ठेवतात, त्यांच्या तेजानं गाठ आतून जळते, आसपासची कातडीही भाजते.

"पण थान ऱ्हातं?"

"राहू शकतं."

"आणि दुखणं जातं?"

बाई म्हणाल्या, "काहींचं जातं असं लिहिलंय. मी स्वतः बघितलं नाही. मला माहीत नाही."

तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, "बघ, हिला माहीत न्हाई तर न्हाई म्हणायलीय. शीक काहीतरी."

मग तुम्ही बाईंना तो प्रश्न विचारलात: तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? बाई म्हणाल्या, मोठं ऑपरेशन. पण माझ्या हातात सुरी आहे, म्हणून मला सुरीच बरी वाटते. माझं उत्तर ऐकताना हे ध्यानात ठेवा. नर्सबाईंनी ते कानडीत सांगितलं आणि तुम्ही हसलात. दोन दिवस मागून घेतलेत.

बाई उठायला लागल्या, तर तुम्ही त्यांचा हात धरून बसवलंत. पीठ वाया घालवणं तुमच्या रक्तात नव्हतं. काटे काढलेत, हरभरे काढलेत, दाणे वेचलेत, तिन्ही उंडे एकत्र मळलेत आणि भाकऱ्या टाकल्यात. उजव्या हातानं, भरभर. आम्हा तिघांना जवसाच्या चटणीबरोबर वाढल्यात. गोऱ्या बाईंनी दीड भाकरी खाल्ली. मी घास हातातच धरून बसलो. तुम्ही म्हणालात, "खा मुकाट्यानं. माझं दुखणं न्हाई ते, ज्वारी हाय." ती भाकरी थोडी तिखट लागली.

दुसऱ्या दिवशी अण्णा आला, गाणगापूरचा अंगारा घेऊन. तुम्हाला तिकडं नेऊन संगमावर बसवायचं, सेवा करायची, सव्वा महिना राहायचं, असं त्याचं ठरलं होतं. बायकोचं अंग कापायचं ह्या कल्पनेनं तो पार खचला होता. तुम्ही त्यालाही सगळं समजावलंत, एकही गोष्ट न वगळता. हात सुजेल, पुन्हा होऊ शकेल, पुढच्या वर्षी मी असेन की नाही ठाऊक नाही. तो रडला. मग तुम्ही म्हणालात, "दत्त कुठं पळून जायलाय? आधी हे हूं दे, मग दोघं जाऊ." आणि मोठ्या ऑपरेशनला होकार दिलात. ह्या वेळी तुमच्या "करा म्हणाव" मागं काय काय होतं, ते तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

तुम्ही वाचलात. हात मात्र बाईंनी सांगितला तसाच वागला. मागच्या भिंतीला उभं राहून बोटं वर चढवायची, जिथवर पोचतील तिथं कोळशानं रेघ मारायची, हे तुमचं रोजचं काम. रेघ कानाच्या वर गेली त्या दिवशी तुम्ही अख्ख्या गल्लीला गूळ वाटलात. त्यापुढं हात गेला नाही. मग भाकरी डाव्या हातावर आली. पहिल्या महिनाभराच्या भाकऱ्या आम्ही खाल्ल्या, त्यांना आकार नव्हता, नुसती चव होती.

आणि ती राळ्याची पिशवी! चोळी एका बाजूनं रिकामी दिसू नये म्हणून तुम्ही जुन्या लुगड्याची पिशवी शिवून तिच्यात राळ्याचं बारीक धान्य भरलंत. एकदा धुऊन वाळत घातलीत आणि कोंबड्यांनी फोडली. तुम्ही एक हात वर करून कोंबड्यांमागं धावत होतात, "आगं, माझं हाय ते, माझं हाय!" आणि अण्णा ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. गाठीनंतर घरात मोठ्यानं हसण्याची ती पहिली वेळ. त्यानंतर तुम्ही जवस भरायला लागलात. म्हणायचात, हे वजनालाही बरोबर पडतं. गाणगापूरलाही दोघं मला घेऊन जाऊन आलात, आणि संगमात उतरताना पिशवी माझ्या हातात देऊन गेलात, कारण मी मास्तर, माझ्यावर विश्वास. माझी पुन्हा लाज निघाली.

मग बायका यायला लागल्या. आधी गल्लीतल्या, मग खेड्यांतल्या, बाजारच्या दिवशी भाजीच्या निमित्तानं. तुम्ही त्यांना गोठ्याच्या बाजूला बसवायचात, काठवट काढायचात. लहान कापणं, मोठं कापणं, सुया, काहीच न करणं. चोळी बाजूला करून स्वतःचा व्रण दाखवायचात, हात किती वर जातो ते दाखवायचात. आणि शेवटी बाई विचारायचीच, "मग मी काय करू, अक्का?" तुम्ही म्हणायचात, "ते मी न्हाई सांगणार. तुला आता सगळं ठाव हाय."

ह्यावरूनच आपलं भांडण. त्यातल्या एकीनं हकीमाचा लेप लावायचं ठरवलं. बाईमाणूस चांगली, लेकरं लहान. तुम्ही तिला एकदाही अडवलं नाहीत. प्रत्येक बाजाराला तिच्याकडं जात राहिलात, शेवटी तिला न्हाऊ घालायलाही तुम्हीच होतात. तुम्ही परत आलात तेव्हा मी भडकलो. म्हणालो, थोडं कमी सांगितलं असतंत, थोडं गोड करून सांगितलं असतंत, तर ती दवाखान्यात गेली असती, आज जगली असती. मी तुमच्याशी तसंच केलं होतं, आणि ते भल्यासाठीच केलं होतं. हे माझ्या तोंडून निघून गेलं. तुम्ही पाय धूत होतात. म्हणालात, "भल्यासाठी केलास, मला म्हाईत हाय. पण त्या एका रातीला मी माझ्याच माणसांत परकी झाल्ते. ती मेली, पण परकी हून मेली न्हाई."

मला ते पटलं नव्हतं. पुढं उर्दू अखबारात रेडियमबद्दल काहीबाही छापून यायचं, ते मी तुम्हाला मुद्दाम वाचून दाखवायचो. बघा, सुया घातल्या असत्या तर हात वाचला असता! तुम्ही शांतपणे ऐकायचात. "चांगलंय. पुढच्या बायांना हे बी सांगू." एवढंच. तुम्हाला पश्चात्ताप करायला लावणं मला एकदाही जमलं नाही. त्या दिवशी जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर ठरवलं, म्हणायचात, आणि भाकरी उलटायचात.

ह्या हिवाळ्यात तापानं गेलात. गाठ परत आली नव्हती. शेवटच्या दिवसांत वैद्य मला बाहेर घेऊन गेला आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मी आत आलो. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "काय म्हणायलाय?" मी सांगितलं. वैनी, मी सांगितलं, दोन-तीन दिवस म्हणतोय. तुम्ही मान हलवलीत आणि सुनेला बोलावून लोणच्याच्या बरण्या कुठं आहेत ते दाखवलंत. दोन-तीन दिवस तुम्हाला पुरले. तेव्हाच "चुकलो" म्हणायला हवं होतं. घरात माणसं फार होती.

हे सगळं आजच लिहायला बसलो त्याला कारण आहे. काल दुपारी दुबलगुंडीहून एक बाई आली, तुमच्या माहेरच्या गल्लीतली. बरोबर नवरा, तो गाडीपाशीच थांबला. तुम्ही गेल्याचं तिला माहीत नव्हतं. अंगणात तुमचं नाव घेऊन उभी राहिली. सुनेनं सांगितलं तशी ओट्याच्या कडेला बसली. तीन महिन्यांपासून गाठ. दुखत नाही, म्हणाली.

सून लहान आहे, तिला काही सांगता येईना. मी पुढं झालो. बाईचा चेहरा भीतीनं इतकासा झाला होता, आणि माझ्या तोंडाशी ते वाक्य आयतं आलं: जराशी गाठ आहे, काढून टाकतील, आठ-पंधरा दिवसांत घरी. एवढं म्हटलं असतं तर ती थेट दवाखान्यात गेली असती. मला खात्री होती, वैनी. मी ते म्हटलं नाही. शब्द न चोरता, खाली न बघता सगळं सांगितलं. पूर्ण स्तन काढतात, काखेतल्या गाठी काढतात, हात जड होतो, तरी दुखणं परत येऊ शकतं. सुयांचं सांगितलं. काही न केलं तर काय होतं तेही सांगितलं. मध्येच ती रडायला लागली, तेव्हा थांबलो, आणि ती गप्प झाल्यावर राहिलेलं सांगितलं. तिनं पुन्हा एकदा सांगायला लावलं, नवऱ्याला नीट सांगता यावं म्हणून. मी पुन्हा सांगितलं. मग तिनं तो प्रश्न विचारला, मी काय करू? मी म्हणालो, ते मी सांगणार नाही, बाई.

चुकलो होतो, वैनी. वाद तुम्ही जिंकलात असं अजून म्हणत नाही, पण त्या रात्रीपुरता मी चुकलो होतो.

बाई पदरानं तोंड पुसून उठली. बाहेर नवऱ्याशी काहीतरी बोलताना ऐकू आली, मग बैल हाकल्याचा आवाज आला. गाडी बिदरच्या वाटेला लागली की परत गावाकडं वळली, हे आपल्या दारातून सरळ दिसतं. मी बघायला उठलो नाही.